गोचीड, जंत, अळ्या : सोलापूर भागातल्या शेळ्या-मेंढ्या आणि गुरांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी पशुवैद्यक आहे. मंगळवेढा आणि सांगोला या दोन तालुक्यांत सोळा वर्षं गोठे, मेंढरांचे वाडे आणि बाजार फिरतेय. गाडी थांबली की प्रश्न येतो, "मॅडम, कुठलं औषध मारू?" माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो: हा किडा जनावराच्या अंगावर नसतो तेव्हा कुठं राहतो, ठाऊक आहे का? खालची बहुतेक उत्तरं त्याच प्रश्नाभोवती फिरतात. डोस लिहिले आहेत ते समजण्यापुरते. प्रत्यक्ष देताना बाटलीवरची माहिती आणि तुमच्या डॉक्टरांचा सल्ला हाच शेवटचा शब्द.

फवारणी केली की आठ दिवसांत गोचीड परत दिसतात. औषध बनावट असतं का?

क्वचित असतंही. पण बहुतेक वेळा औषध खरं असतं आणि फवारणी अर्धवट असते, कारण आपण गाय फवारतो आणि गोठा तसाच ठेवतो.

रक्त पिऊन टम्म झालेली, एरंडाच्या बीएवढी मादी गोचीड स्वतःहून खाली पडते. ती अंधारी, ओलसर फट शोधते, तिथं दोन ते चार हजार अंडी घालते आणि मरते. मागच्या उन्हाळ्यात एका दगडी गोठ्यात गव्हाणीमागच्या फटीत मी खिळा फिरवला. चिकट, तपकिरी दाण्यांचा लगदा बाहेर आला, काकवीच्या रंगाचा, दाणा खसखशीहून बारीक. मालकांना वाटलं भिंतीचा गिलावा सुटला. मी तो पांढऱ्या कागदावर पसरून दाखवला तेव्हा ते गप्प झाले. त्या बोटभर फटीत पुढच्या महिन्याची सगळी फौज बसलेली होती.

अंड्यातून सहा पायांचं पिल्लू निघतं, गवताच्या टोकावर किंवा भिंतीवर वाट बघत बसतं आणि जनावर घासून गेलं की चढतं. आपल्याकडच्या गुरांवर दोन जाती मुख्य आहेत. एकीचं नाव बूफिलस. ती पिल्लापासून मादीपर्यंतचं सगळं आयुष्य एकाच जनावरावर, साधारण तीन आठवड्यांत काढते. दुसरी हायलोमा. तिचे पाय लांब, पट्टेदार. ती मध्येच उतरते, भिंतीत कात टाकते आणि पुन्हा दुसऱ्या जनावरावर चढते. म्हणजे दोघींचाही मोठा हिस्सा कायम भिंतीत, जमिनीत आणि शेणाच्या ढिगाऱ्याच्या कडेला असतो. अंगावर दिसतात त्या थोड्या.

म्हणून जनावर आणि गोठा एकाच दिवशी फवारायचा आणि पंधरा ते वीस दिवसांनी तेच पुन्हा करायचं. दुसरी फेरी चुकली की पहिलीचे पैसे पाण्यात. भिंतीच्या फटी सिमेंटने किंवा निदान माती-चुन्याने बुजवा. पत्र्याखालच्या दगडी भिंतीला फ्लेमगनची आच फार उपयोगी पडते, मात्र कडबा आणि जनावरं आधी लांब हलवा.

फवारणीतली दुसरी चूक पाण्याची. अमिट्राझ 12.5 टक्के असेल तर गोचिडांसाठी लिटरमागे 2 मिली. हे प्रमाण लोक पाळतात, पण अर्ध्या लिटरात दोन गाई उरकतात. मोठी गाय नीट भिजायला दोन-तीन लिटर द्रावण लागतं. पाठ भिजवून भागत नाही. कानाच्या आत फडक्याने पुसून घ्या. शेपटीखाली, मांड्यांच्या बेचक्यात, कासेच्या मागे आणि गळ्याच्या पोळीखाली औषध पोचलं पाहिजे. आधी जनावराला पोटभर पाणी पाजा, म्हणजे ते अंग चाटत नाही. उघड्या जखमेवर मारू नका. दुपारच्या उन्हात तर अजिबात नको. घोडा असेल तर अमिट्राझ वापरूच नका, त्याचं आतडं थंडावतं आणि जीवघेणी पोटदुखी होते.

कडुनिंब, तंबाखूचं पाणी, कोंबड्या यांनी काम होतं का?

कोंबड्यांनी होतं. गावरान चार-पाच कोंबड्या गोठ्यात मोकळ्या सोडा, खाली पडलेल्या टम्म माद्या त्या बरोबर टिपतात. आमच्या आज्ज्या हे आधीपासून करत आल्या आहेत. कडुनिंब आणि करंज तेलाने गोचीड चढायला कचरतात, पण जडलेला गोचीड त्याने मरेलच असं नाही. तंबाखूचा काढा जपून, कारण निकोटीन त्वचेतून अंगात जातं आणि लहान वासरू त्याने कोसळू शकतं. सीताफळाच्या बियांची पूड उवांवर चालते, डोळ्यात गेली तर डोळा जातो. मेटारायझियम ही बुरशीही हल्ली गोठ्यात फवारतात. तिला ओल लागते, त्यामुळे श्रावणात तिचा गुण दिसेल, आपल्या एप्रिलमध्ये नाही.

संकरित गाईला एकशे सहा ताप, मानेजवळ गाठ आणि लघवी लाल. खिलार शेजारीच बांधलेली, तिला काहीच नाही. असं का?

दोन वेगळे आजार एकत्र सांगताय, पण दोन्हींचं मूळ गोचीडच.

खांद्यापुढची गाठ सुजणं, चढा ताप, दूध एकदम आटणं, डोळ्याच्या आतली त्वचा फिकट पडणं ही थायलेरिया या रक्तातल्या जंतूची लक्षणं. तो हायलोमा गोचिडातून येतो. आधी पांढऱ्या पेशींत, मग तांबड्या पेशींत घर करतो. लाल किंवा कॉफीसारखी लघवी बहुधा बबेशियाची, तो बूफिलसमधून येतो आणि तांबड्या पेशी फोडतो. फुटलेल्या पेशींतला लाल रंग लघवीवाटे बाहेर पडतो, लघवीत अख्खं रक्त नसतं. दोन्हींची औषधं वेगळी. थायलेरियाला बुपारव्हाक्वोन, बबेशियाला डिमिनाझिन. म्हणून कानाच्या टोकाच्या रक्ताची काचपट्टी तपासल्याशिवाय इंजेक्शनचा आग्रह धरू नका. गाय वाचवायला पहिले दोन दिवस मोलाचे असतात. "उद्या बघू" म्हणून हातच्या गेलेल्या गाई मी पाहिल्या आहेत आणि त्या आठवल्या की अजून वाईट वाटतं.

खिलार पिढ्यान्‌पिढ्या या गोचिडांबरोबर जगली आहे. तिची कातडी ताठ, केस आखूड, लहानपणी थोडी लागण होऊन ताकदही येते. होल्स्टीन आणि जर्सीचं रक्त थंड देशांतलं, त्यांना हा जंतू नवा. त्यामुळे संकरित वासरांना थायलेरियाची लस टोचून घ्या. आपल्याकडे ती रक्षाव्हॅक-टी नावाने मिळते.

गोचीड आजार पसरवतो हे 1893 साली अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी गुरांवरच सिद्ध केलं. डासाचा आणि मलेरियाचा संबंध रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत दाखवला तो त्यानंतर, 1897 मध्ये. किड्यामार्फत रोग जातो हे जगाला आधी गाईने शिकवलं.

गोचीड हाताने ओढून नखाने चिरडले तर?

नका करू. 2011 साली गुजरातेत क्रायमिन-काँगो ताप आढळला. तो हायलोमा गोचिडातून आणि लागण झालेल्या जनावराच्या रक्तातून माणसाला होतो आणि जीव घेऊ शकतो. सोलापुरात घाबरून जायचं कारण नाही, पण बोटावर गोचिडाचं रक्त घेण्याचंही कारण नाही. चिमट्याने कातडीलगत धरा, सरळ वर ओढा आणि रॉकेलच्या डबीत टाका.

शेळी दिवसभर चरते तरी वाळत चाललीय, आणि संध्याकाळी जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबते. सकाळी ती कमी होते.

हा बहुतेक हिमोंकस. शेळ्या-मेंढ्यांच्या चौथ्या पोटात राहणारा, रक्त पिणारा जंत. एक जंत दिवसाला 0.05 मिलीच्या आसपास रक्त घालवतो. ऐकायला काहीच नाही. पण हजार जंत म्हणजे रोज 50 मिली, आणि हजार जंत असणं मुळीच दुर्मीळ नाही. रक्तातली प्रथिनं घटली की पाणी शिरांबाहेर झिरपतं. दिवसभर मान खाली घालून चरल्यावर ते जबड्याखाली उतरतं, रात्री शेळी मान वर करून बसली की ओसरतं. म्हणून सकाळी तुम्हाला वाटतं बरी झाली. हा जंत हगवण लावेलच असं नाही. लेंडी चांगली आहे म्हणजे जंत नाहीत, हा समज सोडून द्या.

ओळखायची सोपी रीत आहे आणि तिला पैसा लागत नाही. शेळी उजेडात घ्या. अंगठ्याने वरची पापणी डोळ्यावर हलकी दाबा, दुसऱ्या हाताच्या बोटाने खालची पापणी खाली ओढा. आतला पडदा क्षणभर बाहेर येतो. डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल असला तर उत्तम. गुलाबी असला तर नजर ठेवा. कागदासारखा पांढरा असला तर आजच औषध. दक्षिण आफ्रिकेत फाफा मालान या पशुवैद्याने याचा पाच रंगांचा तक्ता केला, त्याला फामाचा म्हणतात. एक म्हणजे लाल, पाच म्हणजे पांढरा. चार आणि पाचला औषध द्यायचंच, करडू किंवा कोकरू असेल तर तीनलाही. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी कळपाच्या पापण्या बघा. पन्नास शेळ्यांना अर्धा तास पुरतो. चिकमहूदच्या बाजूला एका वाड्यावर तिसरीतली मुलगी हे काम करते आणि तिची नजर माझ्याइतकीच पक्की आहे.

आता तो बाहेर कुठं राहतो ते. अंडी लेंडीतून पडतात, एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार घालते. ओल आणि ऊब मिळाली की आठवड्याभरात अळी तयार होते आणि दवाच्या पाण्यावरून गवताच्या खालच्या चार बोटांत चढते. शेळीने ते गवत खाल्लं की तीन आठवड्यांत नवी मादी अंडी घालू लागते. उस्मानाबादी शेळी हिवर, बोर, बाभळीचा पाला वर तोंड करून खायची तेव्हा तिच्या पोटात जंत कमी जायचे. आता तीच शेळी कालव्याच्या कडेचं लुसलुशीत गवत खाते. म्हणून पावसाळ्यात दव उतरल्यावरच सोडा, एकच बांध रोज चारू नका, आणि झाडपाला तोडून उंच टांगा.

दर तीन महिन्यांनी सगळ्या कळपाला औषध पाजलं तर कटकटच मिटेल ना?

मिटत नाही, वाढते. हे मी घरच्या अनुभवावरून सांगते.

मी शिकत होते तेव्हा आईकडे शेळ्या होत्या. तालुक्याच्या एका दुकानातून ती सहा वर्षं एकच पांढरं औषध आणायची. दुकानदार सांगायचा, "टोपणभर पाजा मावशी, सगळ्यांना सारखंच." त्या पावसाळ्यात औषध पाजूनही अकरापैकी पाच करडं गेली. सुट्टीत मी एक करडू उघडलं. चौथ्या पोटाच्या अस्तरावर लाल-पांढरा पीळ दिलेल्या दोऱ्यासारखे जंत वळवळत होते, बोटभर जागेत वीस-पंचवीस. औषध पाजून आठ दिवस झाले होते. आई शेजारी उभी होती. ती एवढंच म्हणाली, "म्हंजे मी पाणीच पाजत होते व्हय."

काय झालं होतं? औषधाने नेभळट जंत मरतात, चिवट उरतात आणि त्यांचीच पिलावळ वाढते. सगळ्या कळपाला वारंवार औषध दिलं तर रानात फक्त चिवटांची अंडी पडतात. ज्यांच्या पापण्या लाल आहेत त्यांना सोडून दिलं तर औषधाला बळी पडणारे जंतही जिवंत राहतात आणि चिवटांची ताकद पातळ होते. त्यातून कमी डोस हा चिवटपणाचा सगळ्यात मोठा शाळामास्तर. टोपण हे माप नव्हे. ताणकाट्याला पोतं बांधून करडू तोला. शेळीचं शरीर औषध मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं, म्हणून मेंढीचा डोस शेळीला पुष्कळदा पुरत नाही. लेव्हामिझोल मात्र याला अपवाद, ते जास्त झालं तर विषबाधा होते. तेव्हा शेळीचा डोस डॉक्टरांकडूनच लिहून घ्या.

पाजताना करडाचं तोंड आभाळाकडे करू नका. मान सरळ, नळी गालाच्या कडेने जिभेच्या मागे, आणि घोट घेऊ द्या. घाईत औषध फुप्फुसात गेलं की करडू दोन दिवसांत जातं आणि दोष औषधाला लागतो.

आयव्हरमेक्टिन 1981 मध्ये जनावरांसाठी आलं. त्याच्या शोधासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना 2015 चं नोबेल मिळालं. इतकं मोठं औषध, आणि आज अनेक कळपांत जंत त्याला दाद देत नाहीत. ऊठसूट "एक आयव्हर मारून टाका की" म्हणण्याची ही किंमत आहे.

उजनीचं पाणी आलं, ऊस आला, आणि मेंढरांना हा नवाच क्षय लागला. काय आहे?

लिव्हर फ्लूक, म्हणजे यकृतातला पानासारखा चपटा जंत. मला या प्रश्नाबद्दल सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं, कारण आपल्या जिल्ह्याचं बदललेलं पाणी त्यात दिसतं.

या जंताला मेंढीइतकीच गोगलगाय लागते. मेंढीच्या लेंडीतून अंडं पाण्यात पडतं, त्यातून निघालेलं पिल्लू साचपाण्यातल्या लहान, पातळ कवचाच्या गोगलगायीत शिरतं. तिच्या आत एकाचे शेकडो होतात. मग ते बाहेर पडून पाणवनस्पतीवर आणि काठच्या गवतावर साबुदाण्याच्या कणाहून बारीक गोळी करून चिकटतात. मेंढीने ते गवत खाल्लं की गोळी फुटते. जंत आतडं भेदून यकृतात शिरतो आणि तिथं तीन-चार महिने वाढतो.

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारीच्या कोरड्या कडब्यावर वाढलेल्या जनावराला हा जंत भेटायचं कारणच नव्हतं. 1980 मध्ये उजनी धरण पूर्ण झालं, भीमेचं पाणी कालव्यांनी पसरलं. त्याने जगवलं, हे मी कधीच नाकारणार नाही. पण कालव्याचं पाझरपाणी, उसाच्या सऱ्यांत महिनोन्‌महिने राहणारी ओल आणि धरणाचं पाणी उतरलं की काठाला उगवणारं हिरवं गवत, हे सगळं गोगलगायीचं माहेर झालं. दिवाळीनंतर पाणी ओसरतं, मेंढरं त्या हिरव्या पट्ट्यात उतरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर मरू लागतात. धनगर मामा म्हणतात "चारा लागला नाही." चारा लागला होता, त्याच्या पानावर जंत होता.

पापणी इथंही पांढरी पडते, जबड्याखाली पाणी इथंही येतं. म्हणून साधं जंताचं औषध पाजून फरक नाही पडला तर फ्लूक आठवा. ट्रायक्लाबेंडाझोल लहान आणि मोठे दोन्ही फ्लूक मारतं, ऑक्सिक्लोझानाइड मुख्यतः मोठे. नेहमीच्या फेनबेंडाझोलवर इथं विसंबू नका. पाणी पाजायला हौदाला सिमेंटचा काठ करा, पाझराच्या जागेला काटेरी फांद्यांचं कुंपण घाला, काठचं गवत खाऊ घालायचंच असेल तर कापून कडक उन्हात चांगलं वाळवा. बदकं गोगलगायी खातात, जमत असेल तर चार पाळा.

दहा दिवसांचं रेडकू, मळकट पांढरी, घाण वासाची हगवण.

रेडकाला आईच्या चिकातून आणि दुधातून मोठा गोल जंत येतो. त्याच्यासाठी रान लागत नाही, गोठाही लागत नाही. दहा ते पंधरा दिवसांचं झाल्यावर पहिला डोस द्या, बहुधा पायपेराझिन. पंढरपुरी म्हशीचं रेडकू चार हजारांचं औषध खाऊन मेल्यावर मला बोलावण्यापेक्षा हा पन्नास रुपयांचा डोस वेळेवर द्या.

मेंढी एकाच बाजूला गोल गोल फिरते, भिंतीला डोकं लावून उभी राहते. करणी-बिरणी?

नाही. मेंदूत पाण्याचा फोड असतो, अंड्याएवढासुद्धा होतो. त्याला गिड म्हणतात. तो फोड म्हणजे कुत्र्याच्या आतड्यातल्या पट्टकृमीचं लहानपण. मेंढी मेली किंवा कापली की डोकं कुत्र्यापुढे टाकतात. कुत्रा मेंदू खातो, त्याच्या पोटात पट्टकृमी होतो, त्याच्या विष्ठेतून अंडी रानात, आणि तिथून पुन्हा कोकराच्या पोटात. वाड्याची राखण करणारा कुत्राच नकळत हे चक्र फिरवतो.

उपाय कुत्र्यापासून सुरू होतो. दर तीन महिन्यांनी त्याला वजनाप्रमाणे प्राझिक्वांटेल, आणि मेलेल्या मेंढीचं डोकं व आतडी खोल पुरायची किंवा जाळायची. कवटी एका जागी मऊ लागली तर शस्त्रक्रियेने फोड काढता येतो, मी केलेल्या काही मेंढ्या पुन्हा कळपात चालल्या आहेत. नुसतं इंजेक्शन मागू नका.

दुपारी मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली नाक खुपसून उभ्या राहतात, शिंकतात, नाकातून शेंबूड.

एक माशी उडता उडता नाकपुडीजवळ जिवंत अळ्या टाकते. त्या नाकातून कपाळाच्या पोकळीत चढतात. मेंढ्या तिच्या भीतीने नाक लपवतात. आयव्हरमेक्टिन इथं योग्य आहे, तपासून घ्या.

जखमेत किडे पडलेत. फिनेल ओतू का?

फिनेल, पेट्रोल, रॉकेल, बॅटरीचं पाणी, काही ओतू नका. अळीबरोबर मांसही जळतं आणि जखम आठवड्यांऐवजी महिने घेते.

माशी जखमेच्या काठावर शंभर-दीडशे अंडी घालते. दिवसाभरात अळ्या होतात आणि पाच-सात दिवस जिवंत मांस खातात. अळीचं तोंड आत रुतलेलं आणि श्वासाची छिद्रं मागच्या टोकाला. नीट बघा, जखमेच्या भोकात बारीक पांढरी टोकं एकाला एक लागून हलताना दिसतील, उकळत्या भातासारखी. तो त्यांचा श्वास. टर्पेन्टाइन तेलात भिजवलेला कापसाचा बोळा भोकात दहा मिनिटं ठेवा. हवा बंद झाली की त्या मागे सरकून वर येतात. मग चिमट्याने एकेक काढा. शेवटची राहिली तर सगळं फुकट, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा. काढलेल्या अळ्या मातीत टाकू नका, मातीतच त्यांच्या माशा होतात. डबीत रॉकेल घेऊन त्यात टाका. जखम स्वच्छ पाण्याने धुवा आणि माशी बसू न देणारं मलम किंवा स्प्रे रोज लावा.

वासराची ताजी नाळ, खच्ची केल्यानंतरची जखम, शिंगाच्या बुडाची चीर, कानातलं बिल्ल्याचं भोक या जागा रोज बघा. नाळेला पहिल्या दिवसापासून आयोडीन. लंपीच्या साथीत फुटलेल्या गाठींत किडे पडून गाई हाल हाल होऊन गेल्या, ती दुर्गंधी माझ्या कपड्यांना चार दिवस यायची.

खरूज आणि पिसवा?

खरजेला मेंढीची लोकर झुपक्यांनी सुटते, कातडी जाड होते. अमिट्राझ गोचिडापेक्षा दुप्पट, लिटरमागे 4 मिली, आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा, आणि खपल्या आधी कोमट साबणपाण्याने मऊ करून. पिसवांना लोक हलकं समजतात. करडांच्या खोप्यात रात्री पांढरं फडकं अंथरून सकाळी झटका. काळे ठिपके उड्या मारू लागले तर तुमची करडं जंतांनी नाही, पिसवांनी रक्त गमावतायत. पिसवेची पिल्लं जमिनीच्या धुळीत असतात. खोपा झाडून जमीन खरवडा, वरची माती बाहेर काढून जाळा, चुना टाका.

सांगोल्याच्या रविवारच्या बाजारातून जनावर आणलं, लगेच दावणीला बांधू का?

तीन आठवडे वेगळं बांधा. पहिल्या दिवशी फवारणी, लेंडी किंवा शेणाची तपासणी. चारा छावण्यांच्या दुष्काळी वर्षांत हजारो जनावरं एकत्र आली, आणि छावणी उठल्यावर दुसऱ्यांचे गोचीड घेऊन घरी गेली. ज्यांनी घरी नेण्याआधी फवारलं त्यांचे गोठे वाचले.

माणसांना यातलं काय होतं?

कुत्र्याच्या विष्ठेतल्या दुसऱ्या एका पट्टकृमीचं अंडं पोटात गेलं तर माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याचा फोड होतो. मटण खाऊन तो होत नाही, न धुतलेल्या हातांनी आणि भाजीने होतो. लहान मुलांना जंतांची गोळी शाळा-अंगणवाडीत मिळते, 10 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनाला. अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅम, एक ते दोन वर्षांच्यांना अर्धी. ती चुकवू नका.

आणि नारू. आमच्या आज्जीच्या घोट्यावर वाळलेल्या वेलीसारखी खूण होती. हातभर लांबीचा जंत काडीला गुंडाळत, रोज दोन बोटं ओढत, तिने पंधरा दिवसांत बाहेर काढला होता. पायऱ्यांच्या विहिरीत नारू झालेला माणूस उतरायचा, पाण्यातल्या सायक्लोप्स या बारीक जीवाच्या पोटात पिल्लं जायची आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पायातून वर्षाने जंत निघायचा. त्यावर ना लस निघाली, ना जंत मारणारं औषध. पाणी कापडाने गाळलं, पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, पाण्यातले सायक्लोप्स मारले. देशातला शेवटचा रुग्ण जुलै 1996 मध्ये आढळला आणि फेब्रुवारी 2000 मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. जंत बाहेर कुठं राहतो हे ओळखून तिथंच त्याला अडवला, एवढंच केलं होतं.

गाभण आणि दुभत्या जनावरांचं काय?

गाभण राहिल्याच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल नको, पिल्लात व्यंग येऊ शकतं. फेनबेंडाझोल तुलनेने सुरक्षित आहे. दुभत्या गाईला आयव्हरमेक्टिन दिलं तर ते दुधात उतरतं, बाटलीवर मनाई असेल तर ते दूध ना घरी ठेवा ना डेअरीला घाला. व्यायल्यानंतरचे काही आठवडे शेळी-मेंढीची ताकद उतरते आणि जंत अंडी जास्त घालतात, त्या दिवसांत पापणी जास्त वेळा बघा.

लेंडी तपासायला कशी द्यायची?

जमिनीवरची नको. शेळी धरा, हातात पिशवी उलटी घालून गुदातून आठ-दहा लेंड्या थेट घ्या, पिशवी उलटवून हवा काढून गाठ मारा. पाच-सहा शेळ्यांचे नमुने वेगवेगळे, प्रत्येकावर शेळीची खूण आणि मागचं औषध कोणतं व कधी पाजलं ते लिहा. उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका, उष्णतेने अंडी उबायला लागतात आणि मोजणी चुकते. ओल्या फडक्यात किंवा बर्फाच्या डब्यात, त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात. जनावर हलवता येत नसेल तर 1962 ला फोन करा, फिरता दवाखाना येतो. औषध दिल्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी त्याच शेळ्यांच्या लेंड्या परत आणा. अंडी जवळपास तेवढीच दिसली तर ते औषध तुमच्या कळपात चालत नाही. मग बाटली बदला, आणि शेजारच्या वाड्यालाही सांगा.